सापाला दूध नको, घुबडाला भाकरी नको

दोन वर्षांपूर्वी तुरीच्या राशी चालू असताना आमच्या जुन्या गोदामाच्या माळ्यावरून घुबडाचे एक पिलू खाली पडले. पांढऱ्या लवेचे, बदामी तोंडाचे, अजून पंख न फुटलेले. मुलांनी ते उचलून घरात आणले. दया सर्वांनाच आली. कोणी कापूस अंथरला, कोणी वाटीत दूध आणले, आम्ही स्वतः भाकरी दुधात कुस्करून ती काडीने त्याच्या चोचीत घातली. रात्री ते माणसांच्या गराड्यात, दिव्याच्या उजेडात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मान टाकून पडलेले आढळले. ते उपाशी मेले असे त्या वेळी आम्हांला वाटले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की आमच्याच शुश्रूषेने ते मेले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की आपल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत असले प्रसंग दरवर्षी घडतात. सोयाबीनच्या गंजीखाली साप निघतो, उसाच्या तोडीत घोरपडीची शेपटी कोयत्याखाली येते, संक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेली घार अंगणात पडते. आपण एकतर काठी उचलतो, नाहीतर दुधाची वाटी उचलतो. या दोहोंच्या मधला मार्ग असा आहे काय, याचा शोध आम्ही घेतला. जखमी सरपटणारे प्राणी व पक्षी सांभाळणारी केंद्रे काय करतात हे पाहिले आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचे तेवढे येथे देत आहोत.

आपल्या मराठी मुलखात अशा कामाची दोन ठिकाणे सर्वांना माहीत असावीत. पहिले पुण्याजवळचे कात्रज. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांच्या संगतीत ७२ तास काढले. डिवचले नाही तर साप आपणहून चावत नाही हे लोकांना पटावे आणि सर्पोद्यानासाठी पैसा उभा राहावा, हा त्यांचा हेतू होता. (असला प्रयोग दुसऱ्या कोणी करून पाहू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो.) पुढे १९८६ साली पुणे महापालिकेच्या साहाय्याने कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले, आणि शहरातून पकडून आणलेले साप, जखमी पक्षी, पोरकी पिले यांना तेथे आसरा मिळू लागला.

दुसरे ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व सूनबाई डॉ. मंदाकिनी यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालविला. एकदा शिकारीहून परतणाऱ्या माणसांच्या खांद्यावर मेलेली वानरी आणि तिच्या अंगाला बिलगलेले जिवंत पिलू त्यांना दिसले. ते पिलू त्यांनी मागून घेतले, आणि तेथून पोरक्या प्राण्यांचा संसार वाढत गेला. त्यात साप, मगरी, घुबडे, मोर सारेच आले. एकाच अंगणात साप चावलेल्या माणसावर उपचार आणि सापाचीही देखभाल, हे दृश्य आम्हांला फार बोलके वाटते. एदेन बागेच्या कथेपासून आपल्या मनात सापाविषयी अढी आहे हे खरे. परंतु नोहाने तारवात सरपटणाऱ्यांनाही जागा दिली होती, हे आपण सहसा आठवत नाही.

आता सापाच्या देखभालीविषयी. साप थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगातली ऊब बाहेरून येते. म्हणून केंद्रातल्या पेटीत एक बाजू उबदार व एक थंड ठेवावी लागते. कोठे बसायचे ते सापाने ठरवायचे. थंडी असली तर त्याने गिळलेला उंदीर पोटात तसाच राहून सडतो. लपण्यास जागा नसेल तर तो अन्नास तोंडही लावीत नाही. म्हणून पेटीत मडक्याचा फुटका तुकडा किंवा सालपट ठेवतात. बाकी मागणी फार थोडी. ताज्या पाण्याचे भांडे, आणि आठ-दहा दिवसांतून एक उंदीर. अजगराला तर एकदा पोटभर मिळाल्यावर कित्येक आठवडे चालते. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावीत नाहीत, नाहीतर तो घास ओकून टाकतो. कात टाकण्याआधी त्याचे डोळे निळसर, धुरकट होतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो चिडका होतो. जाणता माणूस तेव्हा पेटी उघडायचेच टाळतो.

दुधाविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. साप दूध पिणारा प्राणी नाही. त्याचे अन्न उंदीर, बेडूक, सरडे, पाखरे. दूध पचविण्याची सोय त्याच्या पोटात नाही. पूर्वी गारुडी सणाआधी कित्येक दिवस सापाला पाण्याविना ठेवीत; तहानेने कासावीस झालेला साप समोर आलेले काहीही पीत असे, आणि लोक त्याला चमत्कार म्हणत. अशा सापांची अवस्था फार वाईट असे. विषदंत उपटलेले, तोंड शिवलेले, हिरड्या सडलेल्या. केंद्रात आणल्यावर तोंडातील टाके काढणे, पू धुणे, औषध लावणे, नळीने पाणी पाजणे असे महिनाभर करावे लागे, आणि तरीही पुष्कळ साप दगावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून बाळगणे हा गुन्हा ठरला, तरी ही रीत सुटायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आपल्याही घरांत धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे म्हणणारे म्हातारे-कोतारे आहेतच. सापाचे दात मागे वळलेले व सुईसारखे अणकुचीदार असतात. त्या तोंडाने गाईचा सड धरला तर गाय एक क्षणही उभी राहणार नाही, इतका साधा विचार केला तरी पुरे.

हल्ली सापांना सर्वांत जास्त इजा होते ती नायलॉनच्या जाळीने. भाजीच्या वाफ्याभोवती, डाळिंबाच्या बागेला, शेततळ्याला आपण ती लावतो. उंदरामागे धावणारी धामण तोंड घालते, पुढे सरकते, आणि खवले मागच्या दिशेने असल्यामुळे तिला मागे फिरता येत नाही. जितकी ओढ घ्यावी तितका दोरा मांसात रुततो. अशा वेळी जाळी ओढू नये. सापाच्या दोन्ही बाजूंनी हातभर अंतर सोडून जाळी कापून सोडवावी, तीही साप बिनविषारी आहे याची जाणत्या माणसाने खात्री दिली तरच, नाहीतर जागेवरच राहू द्यावी व वनखात्याच्या माणसाची वाट पाहावी. केंद्रात ते बोथट टोकाच्या कात्रीने एकेक दोरा कापतात, जखम धुऊन औषध लावतात. खोल जखम भरून यायला दोन-तीन काती पडाव्या लागतात, म्हणजे कित्येक महिने. जाळी वापरायचीच तर जमिनीपासून वीतभर वर बांधावी आणि काम झाल्यावर गुंडाळून ठेवावी. बांधावर टाकून दिलेली फाटकी जाळी तर आणखी वाईट. तिच्यात मुंगूस, तितर, कासव, काहीही अडकते.

कासवाचे कवच म्हणजे डोक्यावरची टोपी नव्हे. ते जिवंत हाड आहे, त्यात रक्त खेळते व वेदना होते. ट्रॅक्टरखाली चिरडलेले कवच केंद्रात तारेने आवळून, वरून काचतंतूचे ठिगळ चिकटवून जोडतात. कवच सांधायला वर्ष, कधी जास्तही लागते. चांदणी कासव शुभ म्हणून घरात ठेवण्याची रीत शहरांत आली आहे. ते कोणी विकायला आणले तर घेऊ नये. घोरपडीचे मांस व तेल सांधेदुखीवर चांगले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. त्या तेलाने गुडघा बरा होतो याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. घोरपड मारल्यास मात्र तीन ते सात वर्षांची कैद आहे. गुडघा दुखत असेल तर दवाखाना गाठावा.

आता पक्षी. पाखराच्या बाबतीत पहिले औषध म्हणजे अंधार, ऊब आणि शांतता. जखमेपेक्षा धास्तीने मरणारी पाखरे अधिक. खोक्याला चार भोके पाडावीत, तळाशी जुने सुती कापड घालावे, पाखरावर फडके टाकून दोन्ही पंखांसह अलगद धरावे, खोक्यात ठेवावे आणि झाकण लावावे. पोरांना वरचेवर उघडून पाहू देऊ नये. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नये. पाखराच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. आमच्या पिलाचे बहुधा तेच झाले असावे.

घुबडाला भाकरी का नको, हेही समजून घ्यावे. घुबड उंदीर सबंध गिळते. मांस पचते, केस व हाडे यांची काळसर गोळी होऊन ती तोंडावाटे बाहेर पडते. गोळी पडली नाही तर पचन बिघडते. नुसते मांसाचे तुकडे चारले तरी चालत नाही. हाडातला चुना न मिळाल्याने पिलाची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, आणि असे घुबड आयुष्यात उडत नाही. म्हणून केंद्रात सबंध उंदीर देतात, पिलाला तो तुकडे करून पण केस-हाडांसकट देतात. पिलाने माणसाला आई समजू नये याचीही काळजी घ्यावी लागते. कोठे चेहरा झाकून, कोठे पडद्याआडून चिमट्याने घास देतात. माणसाळलेले घुबड सोडून दिले तर ते माणसांच्या खांद्यावर येऊन बसते आणि पहिल्याच घरी दगड खाते.

पक्ष्याची हाडे पोकळ असतात, पण लवकर सांधतात. पंखाचे साधे मोडलेले हाड तीनेक आठवड्यांत जुळते. पट्टी त्याहून जास्त दिवस ठेवली तर सांधा आखडतो व पक्षी जन्माचा पांगळा होतो. म्हणून घरगुती पट्टी बांधू नये. मोठी पिसे तुटली असतील तर केंद्रात एक कसबी काम करतात. दुसऱ्या पक्ष्याचे गळालेले पीस घेऊन बांबूच्या बारीक काडीने ते तुटक्या दांड्याला जोडतात. नवे पीस येईपर्यंत पक्षी उसन्या पिसावर उडतो. यानंतर लांबलचक पिंजऱ्यात उडण्याचा सराव आणि स्वतः शिकार पकडण्याची परीक्षा. ती उतरल्याशिवाय सोडत नाहीत.

आमची चूक मुळातच वेगळी होती. ते पिलू उचलायलाच नको होते. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत खोटी आहे. घुबडाचे पिलू माळ्यावर परत ठेवून, दिवा विझवून आम्ही निघून गेलो असतो तर रात्री आईने त्याला उंदीर आणून दिला असता. पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिलू तर पोरके नसतेच. ते उडायला शिकत असते. मांजर-कुत्रे दूर ठेवावे, एवढेच आपले काम.

ज्याला आपण अशुभ म्हणतो त्या या पक्ष्याचे मराठी नावच गव्हाणी घुबड आहे. गुरांच्या गव्हाणीपाशी, गोठ्यात, गोदामात ते राहते ते उंदरांसाठी. धामणही त्याचसाठी वाड्यात येते. कन्नड शेजारी तिला केरे हावु म्हणतात आणि त्यांच्यातले जुने शेतकरी तिला मारीत नाहीत. तुरीच्या शेंगा, सोयाबीनच्या गंजी, ज्वारीच्या कणगी यांचे उंदीर जे नुकसान करतात ते आपणास सांगायला नको. मग आपण विष ठेवतो. झिंक फॉस्फाइड खाऊन झिंगलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो. ब्रोमॅडिओलोनसारखे विष तर उंदराच्या यकृतात टिकते आणि खाणाऱ्याच्या अंगात जाऊन रक्त गोठू देत नाही. विष वापरणे भाग पडले तर सकाळी फिरून मेलेले उंदीर गोळा करावेत व खोल पुरावेत, उकिरड्यावर टाकू नयेत. औषध लावलेले बियाणे पेरताना ओळीबाहेर सांडले तर मातीने झाकावे. मोर ते टिपतात आणि बांधावरच मरून पडतात.

गुरांच्या औषधाचाही येथे संबंध येतो. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. एके काळी आपल्याकडच्या प्रत्येक ढोरफोडीवर दिसणारी गिधाडे याच कारणाने देशभरातून जवळजवळ नाहीशी झाली. गुरांसाठी हे औषध २००६ साली बंद करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. गाईला ताप-सूज असल्यास पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅम मागावे. ते गुणही देते आणि गिधाडांना बाधत नाही.

आता आरोग्याविषयी, कारण सापाची दया शिकवावी आणि चावलेल्या माणसाचे काय ते सांगू नये, हे बरे नव्हे. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीला गंजीतून कडबा ओढताना घोणस चावली. घोणस म्हणजे काही गावांत जिला परड म्हणतात ती, कन्नडातील कोळकमंडल. घरच्यांनी घाईने पोटरीवर सुतळी करकचून आवळली, मग कोणाच्या सांगण्यावरून झाडपाल्यासाठी दुसऱ्या गावी नेले. दवाखान्यात पोचायला दुपार झाली. प्रभूच्या कृपेने व डॉक्टरांच्या कष्टाने जीव वाचला; पण दोरीखालचे मांस सडले आणि ती आजही काठी घेऊन मिस्सेला येते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य खेड्यातली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांचा वाटा त्यात मोठा. या चारही विषांवर एकच लस चालते, म्हणून साप ओळखण्यासाठी त्याला मारून दवाखान्यात आणण्याची काही गरज नाही. चावलेल्या माणसाला चालवू नये, धीर द्यावा. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज चढली की त्या निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी बांधून तो हात वा पाय हलणार नाही असा ठेवावा. दोरी नको, चिरा नको, चोखणे नको. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. मण्यार रात्री निजलेल्याला चावते; दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. आखाड्यावर जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तरी हा धोका पुष्कळ टळतो. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आहे. तेव्हा दवाखान्यात नाव घालण्यास कोणी कचरू नये.

ही लस येते तरी कोठून? येथेही सापाच्या देखभालीचाच भाग आहे. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची एक सहकारी संस्था १९७८ पासून आहे. पूर्वी हे लोक कातड्याच्या व्यापाऱ्यांसाठी साप मारीत. तो व्यापार बंद झाल्यावर त्यांच्या उपजत ज्ञानाचा असा उपयोग झाला. ते साप पकडतात, मडक्यात कापड बांधून ठेवतात, तीन-चार आठवड्यांत काही वेळा त्यांचे विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि जंगलात सोडून देतात. हे विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचतात, व त्यांच्या रक्तातून लस बनते. आपल्या त्या भगिनीच्या शिरेत जे औषध गेले ते अशाच एखाद्या घोणशीच्या दातांतून निघालेले. मोशेने वाळवंटात खांबावर उभारलेल्या पितळी सर्पाची गोष्ट लहानपणी ऐकताना आम्हांला कोडे पडत असे. सापाकडे पाहून सापाचा दंश कसा बरा व्हावा? आता तितके कोडे वाटत नाही.

घरात वा शेतात साप निघाला तर दहा हात दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी, गर्दी हटवावी, आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे. स्वतः पकडण्याच्या भानगडीत पडू नये. हौशी सर्पमित्रांचेही जीव गेले आहेत. पकडलेला साप जवळच्याच माळावर किंवा ओढ्याकाठी सोडण्यास सांगावे. चिंचोळीकडे २०११ साली अभयारण्य झाले म्हणून बीदरचा साप तेथे नेऊन सोडावा, असे काहींना वाटते. अनोळखी जागी त्याला बीळ सापडत नाही, पाणी सापडत नाही, आणि पुष्कळदा तो मरतो.

आमच्या गोदामात गेल्या दिवाळीला पुन्हा घुबडाची जोडी आली. माळ्याच्या आतल्या बाजूस फळ्यांची एक पेटी आम्ही ठोकली आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, भोक वीतभराहून थोडे लहान, आणि पिलू खाली पडू नये म्हणून भोकासमोर चार बोटांची आडवी पट्टी. विषाच्या पुड्या बंद केल्या आहेत. मुले आता वर चढत नाहीत. खाली पडलेल्या गोळ्या तेवढ्या पाण्यात भिजवून काडीने उकलतात. परवा एका गोळीत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या.